वाचकांचे प्रश्न : पोट भरतं, तरी बाळ का सुकतं?

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामीण भागातल्या बालकुपोषणाविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहांची उत्तरं इथे देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. आईचं दूध चालू आहे. दिवसातून तीन वेळा तांदळाची पेज देतो, वाटी संपवते, रडत नाही. तरी दंड बारीकच राहिलाय. आजी म्हणते दृष्ट लागली. घरात तांदूळ आहे, डाळ आहे. मग चुकतंय कुठे? (एक वडील, मोखाडा तालुका)

पेजेत पाणी फार आहे. हिशेब करून बघा. मूठभर तांदूळ म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यातून जेमतेम १०५ कॅलरी मिळतात. तेवढे तांदूळ पाच लहान पेले पाण्यात शिजवले की १०० मिली पेजेत १५ कॅलरी उरतात. आईच्या दुधात तेवढ्याच मापात ६५ ते ७० कॅलरी असतात. म्हणजे आपण ज्याला अन्न समजून भरवतो, ते दुधापेक्षाही चौपट पातळ आहे. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे ३० मिली एवढंच मावतं. साडेसहा किलोच्या मुलीला वाटीभर पेजेतच पोट गच्च वाटतं, म्हणून ती रडत नाही आणि दूधही कमी ओढते. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून रोज सुमारे ३०० कॅलरी लागतात. तीन वाट्या पेजेतून ९० मिळतात.

तुमच्या घरात जे आहे त्यातूनच हे सुधारेल. दोन वाट्या तांदूळ किंवा नाचणी, एक वाटी मूगडाळ आणि एक वाटी शेंगदाणे वेगवेगळे भाजा, गार करून बारीक दळा आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करा. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्या, बुरशीचं विष यकृताला बाधतं. एक दाणाही अख्खा राहू देऊ नका, या वयात दाणा श्वासनलिकेत अडकतो.

भरवताना या पिठाचे तीन शीग लावलेले पोह्याचे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, वाटीभर पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवा. उतरवल्यावर सुपारीएवढा गूळ आणि एक छोटा चमचा तेल घाला. या एका वाटीत २०० च्या आसपास कॅलरी आणि साडेचार-पाच ग्रॅम प्रथिनं येतात. एका चमचा तेलात ४५ कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या पेजेच्या दीड वाटीइतक्या. तेलानं बाळाला खोकला होतो हा समज घराघरांत आहे. तो सोडा. खीर चमच्यावरून ओघळली तर पातळ झाली, चमच्यात टिकून राहिली तर बरोबर.

बाळ घट्ट खात नसेल तर पाणी वाढवू नका, मोडाचं पीठ वापरा. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणा, उन्हात खडखडीत वाळवा, अगदी मंद शेकून दळा. फार भाजलं तर त्यातला पाचक गुण जळून जातो. शिजलेली घट्ट खीर कोमट झाली की हे पीठ चमचाभर ढवळून घाला. पाच-दहा मिनिटांत खीर आपोआप सैल होते, पुन्हा एक उकळी द्या. पाणी न वाढवता पातळ झालेली ही खीर लहान बाळही सहज गिळतं.

दिवसातून तीन-चार वेळा असं खाणं आणि मध्ये एक-दोनदा केळं, उकडलेलं अंडं कुस्करून, असं काहीतरी द्या. मुलीची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटात जेवणाऱ्या बाळानं किती खाल्लं हे कोणालाच कळत नाही. ताप-जुलाबात खाणं बंद करू नका, आणि बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक वेळ जास्त भरवा.

हे सगळं करण्याआधी मात्र उद्याच अंगणवाडीत जाऊन दंडघेर मोजून घ्या. तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर घरच्या खिरीवर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

मी अंगणवाडी सेविका आहे. एक मूल गेल्या महिन्यात सॅम (अतितीव्र कुपोषित) निघालं, या महिन्यात मॅम (मध्यम कुपोषित) आलं, वजन तेच. पर्यवेक्षिका विचारतात, मी काय सांगू? दुसरं म्हणजे, एक मुलगी वजनाच्या तक्त्यात लाल पट्ट्यात आहे पण सॅमच्या यादीत नाही. तिचं काय करायचं? (जव्हार तालुका)

ताई, बहुतेक वेळा यात लांबी चुकलेली असते. उदाहरण घ्या. मुलगा आहे, वजन ६.८ किलो, खरी लांबी ७२ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७२ सेंटिमीटरच्या मुलाची अतितीव्र कुपोषणाची रेषा ७ किलोवर आहे, म्हणून तो सॅम. त्यानं गुडघे वाकवले आणि तुम्ही ७० लिहिलं, तर रेषा ६.६ वर येते आणि तोच मुलगा मॅम ठरतो. दोन सेंटिमीटरच्या चुकीनं त्याचे उपचार गेले.

लांबी एकटीनं मोजता येत नाही. मदतनीसताईंनी किंवा आईनं बाळाचं डोकं पाटीच्या वरच्या फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ छताकडे. तुम्ही एका हातानं दोन्ही गुडघे दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हातानं खालची फळी टाचांना भिडवायची आणि मिलिमीटरपर्यंत वाचायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून, वरच्याला उभं करून मोजायचं. दोन वर्षांखालचं मूल झोपून राहिलंच नाही आणि उभं मोजावं लागलं तर आलेल्या आकड्यात ०.७ मिळवा. मोठ्याला झोपवून मोजलं तर ०.७ वजा करा. वजनाआधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, कमरेचा करगोटा सोडून बाकी कपडे, कडी, बूट उतरवा. पहिल्या दोन मापांत फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

दंडघेरासाठी डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतच्या मध्यावर खूण करा, मग हात सैल सोडून पट्टी गुंडाळा. कातडी आवळली तर माप कमी येतं, पट्टी आणि कातडीत फट राहिली तर जास्त. ११.५ च्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा. ही पट्टी सहा महिने ते पाच वर्षं एवढ्याच वयाला लागू आहे. एक गोष्ट अनेकांना खटकते: दंडघेरानं सापडणारी मुलं आणि वजन-उंचीनं सापडणारी मुलं नेहमी एकच नसतात. दोन्हींपैकी एकात जरी मूल बसलं तरी ते सॅमच.

वजनाच्या तक्त्यात लाल पट्ट्यात असलेली तुमची मुलगी बहुधा बुटकी आहे. वयाच्या मानानं वजन कमी, पण तिच्या कमी उंचीला ते वजन पुरेसं. तिचं कुपोषण जुनं, गर्भापासूनचं असू शकतं. तिला ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे सॅम मुलांवर गावातच उपचार होतात तिथे, घालायची गरज नाही, पण दर महिन्याला वजन घ्या. लागोपाठ दोन महिने वजन जागचं हललं नाही तर ती घसरायला लागली असं धरा. आणि टीएचआरचं, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणाऱ्या आहाराचं, पाकीट घरात किती जणांत वाटलं जातं ते एकदा घरी जाऊन बघा.

मेळघाटातले बालमृत्यू १९९३ पासून बातम्यांत वाचतो आहे. अंगणवाडी आहे, रेशन आहे, अमृत आहार योजना आहे. तरी दर पावसाळ्यात तीच बातमी. अन्न नाही की योजना पोहोचत नाही? (अमरावती)

मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांचं नाव पुढे आलं, त्याच्या आगेमागे जव्हारमधल्या वावर-वांगणीचं, १९९२ मध्ये. दोन्हीकडे घटना एकाच क्रमानं घडतात, आणि तो क्रम कळला की पावसाळाच का, हे समजतं.

ज्येष्ठ सरता सरता घरातलं धान्य आणि दिवाळीनंतर बाहेर जाऊन कमावलेली मजुरी दोन्ही संपत आलेली असते. त्याच वेळी पेरणी, लावणी, निंदणी सुरू होते. आई पहाटे भाकरी थापून शेतावर जाते आणि दिवेलागणीला परतते. तान्ह्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण असते. दिवसभरात बाळाच्या तोंडी काही जातं ते एक-दोन वेळा, सकाळचं गार झालेलं. ज्याला चार-पाच वेळा खायला हवं त्याचं पोट दोनच वेळा भरतं. ओढ्याचं गढूळ पाणी येतं, जुलाब सुरू होतात, मेळघाटात हिवतापाचीही भर. जुलाबात भूक जाते, खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन उतरतं. उतरलेल्या बाळाची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून पुढचा आजार लवकर येतो. आषाढात दंड जरा बारीक दिसणारं बाळ भाद्रपदापर्यंत हाडांचा सापळा होतं.

त्यातही घसरण मुख्यतः सहा महिने ते दोन वर्षं या वयात होते, आणि तिची सुरुवात बऱ्याचदा जन्माआधीच झालेली असते. आई अठराच्या आत लग्न झालेली, रक्त कमी असलेली, अंगानं किडकिडीत, पहिलं मूल दीड वर्षाचं असतानाच पुन्हा दिवस गेलेली. बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं आणि पाठीवर बाळ आल्यामुळे आधीच्याचं दूध तुटतं. पोटावर गरम लोखंडाचे चटके देण्याची डंबा नावाची प्रथा अजूनही काही पाड्यांवर आहे. पोट फुगलेल्या बाळाला भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, नेलं जातं, जखम चिघळते, आणि दवाखान्यात पोहोचायला आठवडा उशीर होतो.

अन्नाविषयी म्हणाल तर धान्य मिळतं, विविधता मिळत नाही. कोदो, कुटकी, सावा, तूर ही घरात राहणारी पिकं मागे पडली आणि सोयाबीन आलं. सोयाबीन बाजारात जातं, ताटात येत नाही. रेशनवर तांदूळ-गहू येतो. डाळ, तेल, अंडं हे लहान बाळाला सर्वांत जास्त लागणारं अन्नच घरात सर्वांत कमी.

योजनांच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे. अमृत आहारात गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचा चौरस आहार आणि सात महिन्यांपासूनच्या मुलांना अंडं किंवा केळं देण्याची तरतूद आहे, ती चांगली आहे. पण ती आईला अंगणवाडीत यायला लावते, आणि नेमक्या त्या चार महिन्यांत आई शेतात असते. बांधावर किंवा पाड्याच्या मध्यावर दिवसभराचं पाळणाघर चालवून तिथे तीन वेळा भरवलं तर योजनेचा घास बाळाच्या तोंडात पोहोचेल. सगळा खर्च धान्याच्या पोत्यांवर आणि भरवणाऱ्या हातांवर काहीच नाही, हे बदलायला हवं.

बातमीत मृत्यूचं कारण न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन असं लिहिलेलं दिसेल, कुपोषण क्वचित. जगभरातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मृत्यूंमागे कुपोषणाचा हात असतो, पण दाखल्यावर शेवटचा आजार लिहिला जातो. आणि हे आदिवासी भागापुरतंच आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कृश होती. त्याआधीच्या फेरीतही आकडा २५.६ च होता. अतिकृश मुलं मात्र ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली.

वस्तीशाळेजवळच्या घरातलं दोन वर्षांचं मूल महिनाभर सुकत होतं. आता गाल भरलेत, पाय गुबगुबीत झालेत. घरचे खूश आहेत. पण ते कोणाकडे बघत नाही, खात नाही, केस तांबूस झालेत. ते खरंच सुधारतंय का? (शिक्षक, अक्कलकुवा तालुका)

गुरुजी, हे वाचल्याबरोबर त्या घरी जा. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबून धरा. बोट काढल्यावर दोन्ही पायांवर खळगा राहिला तर ती सूज आहे. याला सूजवटी म्हणतात. वजन आणि दंडघेर काहीही येवो, असं मूल अतितीव्र कुपोषित असतं, आणि ते खात नाही म्हणून त्याला घरी ठेवायचं नाही. १०८ ला फोन करा.

गाडी येईपर्यंत दोन गोष्टी करा. साखर: चहाचा एक शीग लावलेला चमचा साखर सुमारे ५० मिली म्हणजे अर्धी छोटी वाटी स्वच्छ पाण्यात विरघळवून, मूल शुद्धीत असेल आणि गिळत असेल तरच, थोडी थोडी पाजा. ऊब: मुलाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना घोंगडीत गुंडाळा, डोकंही झाका. या मुलांच्या रक्तातली साखर आणि अंगातली ऊब अचानक उतरते, आणि रात्रीच्या प्रवासात तेच जीवावर बेततं.

जे करू नये ते जास्त महत्त्वाचं. भरपूर खाऊ घालून एका दिवसात भरून काढायचा प्रयत्न करू नका. महिनोन्महिने कमी अन्नावर जगलेलं शरीर एकदम आलेलं अन्न पेलत नाही, रक्तातले क्षार बिघडतात आणि हृदय थकतं. गावातल्या डॉक्टरकडून सलाइन लावून घेऊ नका, जास्तीचं पाणी फुप्फुसात साचू शकतं. टॉनिक म्हणून लोहाचं औषध पहिल्याच आठवड्यात द्यायचं नसतं, संसर्ग बळावतो.

मी आशा आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलेल्या मुलांच्या आया चौथ्या-पाचव्या दिवशी निघून येतात. "नुसतं पातळ दूध पाजतात, वजन तर उतरलं," म्हणतात. कसं समजवू? (धारणी तालुका)

ताई, त्या आया खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांना आधीच सांगायला हवं. केंद्रात पहिले काही दिवस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, १०० मिलीत ७५ कॅलरीचं दूध देतात, दिवसाला किलोमागे १३० मिली, अंगावर फार सूज असेल तर १००. हे मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. त्या काळात आजार आटोक्यात येतो आणि सूज उतरते. सूज म्हणजे पाणी, ते गेलं की वजन उतरणारच. आईला सांगा, "पहिल्या आठवड्यात वजन उतरलं तर ती सूज जातेय." पुढे भूक परत येते आणि मूल स्वतःहून मागू लागतं, तेव्हा १०० मिलीत १०० कॅलरीचं दूध आणि खाणं सुरू होतं. मग रोज किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ चांगली, ५ च्या खाली असेल तर कुठेतरी संसर्ग लपलाय किंवा मूल पुरेसं खात नाही. चौथ्या दिवशी घरी नेणं म्हणजे सर्वांत अवघड वळणावर उतरणं.

पण समजावणं हा निम्माच भाग. ती परत येते ती घरी दोन मुलं, बकऱ्या आणि निंदणी आहे म्हणून. दाखल करण्याच्या आदल्या दिवशी सासूशी आणि नवऱ्याशी बसून बोला: मागच्या मुलांना कोण करून घालणार, शेतावर कोण जाणार, ती रोज फोन कशावरून करणार. आईला मिळणारी बुडीत मजुरी नेमकी कधी आणि कुठे जमा होते ते लिहून द्या, आणि खातं चालू आहे ना ते आधी तपासा. चौदा दिवस हा शब्दही टाळा, "पुढच्या बाजारापर्यंत, आणि त्याच्या पुढच्या बाजारापर्यंत" असं सांगितलं तर तिला अंदाज येतो.

ज्या सॅम मुलाला सूज नाही, ताप-न्यूमोनिया-जुलाब नाही आणि भूक चांगली आहे, त्याला केंद्रात न्यायचा आग्रह धरू नका. ते गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात बरं होतं. घरी परतलेल्या मुलाच्या दर पंधरा दिवसांनी चार फेऱ्या व्हायला हव्यात. पहिली चुकली की पुढच्या सहसा होतच नाहीत, म्हणून पहिल्या फेरीला तुम्ही स्वतः सोबत जा.

आम्ही डोंबिवलीचे काही मित्र पालघरमधल्या पाड्यांवर दूध पावडर, बिस्किटं आणि दुधाच्या बाटल्या वाटायचं ठरवतोय. दिवाळीनंतर लोक वीटभट्टीवर जातात, तिथेही देऊ. चालेल ना?

दूध पावडर आणि बाटल्या नको. बाळदुधाची पावडर आणि बाटल्या अनाथालय सोडून कोणालाही दान करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि त्याचं कारण पाड्यावर गेल्यावर लगेच कळतं. डबा संपू नये म्हणून पावडर निम्मी घालतात, पाणी ओढ्याचं, बाटलीचं बूच धुवायला ब्रश नाही. आईचं दूध सुटतं आणि जुलाब लागतात. बिस्किटात मैदा आणि साखर, त्यानं बाळाची भूक मरते.

भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी खूप काही करता येईल. निघण्याआधी गावच्या अंगणवाडीत स्थलांतराची नोंद करून घ्यायला सोबत जा, म्हणजे बाळाचं टीएचआर आणि लसीकरण भट्टीजवळच्या अंगणवाडीत चालू राहतं. एक देश एक रेशनकार्डमुळे भिवंडी-वसईकडच्या दुकानातही धान्य मिळतं, पण दुकानदार नाही म्हणाला तर सोबत भांडणारं कोणी लागतं. मालकाकडून भट्टीच्या कडेला सावलीची एक खोली मिळवा, मजुरांपैकीच एका बाईला पूर्ण मजुरी देऊन मुलं सांभाळायला ठेवा, आणि तिथे शेंगदाणे, डाळ, गूळ, तेल आणि अंडी पोहोचवा. दहा मुलांना रोज एक अंडं म्हणजे महिन्याला ३०० अंडी, मोठ्या क्रेटचे दहा ट्रे. सोबत दंडघेराच्या चार पट्ट्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी मोजा. लाल निघालेलं मूल त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायला गाडीचं भाडं वेगळं काढून ठेवा. भट्टीवरून मुलाला घेऊन निघालेल्या आईचा दिवसाचा रोज बुडतो, तो तुम्ही भरा.